वास नव्हे, माप



स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर पहाटे उतरावे, फिनेलचा वास यावा आणि आपण निःशंक व्हावे, असे नेहमी घडते. पण वास हा स्वच्छतेचा पुरावा नव्हे. पुरावा मापाचा.

काळे फिनेल कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यांपासून होते. १८६५ साली लिस्टर यांनी जखमेवर वापरलेले कार्बॉलिक ॲसिड त्याच घराण्यातले. औषध जालीम खरे, पण ते योग्य ठिकाणी पडले पाहिजे. १८९७ च्या प्लेगात पुण्यातली घरे जंतुनाशकांनी धुतली गेली. प्लेग मात्र उंदरांच्या पिसवा पसरवीत होत्या. सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी ते १८९८ साली दाखविले.

आता ब्लीचिंग पावडर घ्या. ताज्या पावडरीत उपयोगी क्लोरीन सुमारे एक तृतीयांश असतो. पोते दमट हवेत उघडे राहिले की तो उडून जातो; उरतो तो बहुतांशी चुना. विहिरीच्या हजार लिटर पाण्याला चांगली पावडर सुमारे अडीच ग्रॅम टाकावी आणि तासभर थांबावे. नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा पाण्यातल्या या क्लोरीनची चौकशी सुरू झाली. ती रोजची असायला हवी. आणखी एक : घाण स्वतःच क्लोरीन खाऊन टाकते. म्हणून आधी धुवावे, मग पावडर टाकावी.

हे माप ज्याच्या हातात असते, त्याला ते कोणी शिकवीत नाही. एका कारखान्याच्या संडासात आमच्या एका सभासदाने पावडरीवर ॲसिड ओतले. दोन्हींनी सफाई होते, मग एकत्र दुप्पट होईल, असा त्याचा साधा हिशेब. क्षणात क्लोरीन वायू सुटला. बिचारा खोकत, डोळे चोळत बाहेर पळाला. हाच वायू १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून सोडला होता. चूक त्याची नव्हती. डबा बिननावाचा होता.

तेव्हा मागणी साधी आहे : प्रत्येक डब्यावर मराठीत नाव, सोबत मापाचा पेला, हातमोजे आणि अर्ध्या तासाचे शिक्षण. हे मिळाले तर सफाई कामगाराची फुप्फुसे वाचतील आणि तुमचे पाणीही. पुन्हा फिनेलचा वास आला, तर समाधान मानू नका. झाडूवाल्या भावाला विचारा, ‘बाबा, माप दिले आहे का तुला?’