कापडावरची निशाणी

मँचेस्टरहून मुंबई बंदरात उतरणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर देवदेवतांची, हत्तीवाघांची जी रंगीत तिकिटे चिकटवलेली असत, ती निरक्षर गिऱ्हाइकालाही मालाची ओळख पटावी म्हणून. आणि आज पनवेलच्या बाजारपेठेत स्वतःच्या नावाचा सदरा विकू पाहणाऱ्या व्यापाऱ्याने बोधचिन्ह आखताना हेच प्रयोजन ध्यानी धरावे. गळपट्टीमागच्या बोटभर पट्टीवर बारीक रेघा विणताना बुजतात, भरतकामात टोकदार कोपरे गोलावतात, म्हणून रेखाटन प्रथम एकाच रंगात, नखाएवढ्या आकारात तपासावे; रंगांची हौस मागाहून. चिन्हासाठी जवळच्या कर्नाळा किल्ल्याचा सुळका मोहक खरा, पण तो दहाजणांना सुचेल! १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये तयार कपडे २५व्या वर्गात मोडतात, नोंदणीची मुदत १० वर्षांची. तेव्हा तत्सम चिन्ह दप्तरी आधीच दाखल नाही ना, याची खातरजमा अर्जापूर्वीच करावी.