नारू, कापड आणि घानातलं पाणी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी आफ्रिकेतल्या पाण्यावर बोलणार आहे. मी तिकडं गेलेलो नाही. जे वाचलं ते लूमखात्यातल्या माणसाच्या नजरेनं सांगतो.

नारू म्हटलं की आपल्या गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर काटा येतो. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायचं आणि वर्षभरानं पायातून दीड-दोन हात लांब जंत बाहेर यायचा. आपल्याकडचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला. पण पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात १९८९ साली नारूचे सुमारे १ लाख ८० हजार रुग्ण होते. उत्तरेकडची गरीब खेडी मातीचा बांध घालून पावसाचं पाणी साठवायची आणि तेच प्यायची.

या रोगाची चाल समजून घ्या. पायाला फोड येतो, आग आग होते, म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो. तेवढ्यात जंताची मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. पाण्यातला बारीक किडा त्या गिळतो, आणि माणूस तो किडा पितो. यावर लस नाही, गोळी नाही. जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, आठवडेच्या आठवडे.

मग उपाय काय? कापड! पाणी गाळून प्यायचं. सुती कापड लवकर तुंबतं, बायका कंटाळतात. म्हणून नायलॉनच्या अखंड एकेरी धाग्याचं, बारीक छिद्राचं कापड विणलं गेलं. पाणी झरझर खाली, किडा वर. ते धुतलं की लगेच वाळतं, टिकतं. आम्ही जन्मभर कापड विणलं, पण कापडानं रोग अडवता येतो हे कुणी सांगितलं नव्हतं. गावातल्याच स्वयंसेविका घरोघर जाऊन फाटलेली गाळणी बदलून देत.

दुसरं काम जास्त नाजूक. नारू झालेल्याला तळ्यात उतरू द्यायचं नाही. पाण्यापासून माणसाला अडवणं म्हटलं की आपल्याला १९२७ चं महाड आठवणारच. पण इथं विटाळ नव्हता. तळ्यावरचा राखणदार रोग्याला स्वतः पाणी काढून द्यायचा. उपचार केंद्रात त्याची जखम बांधायचे, जेवू घालायचे. अडवणं आणि अडवणं यात एवढा फरक असतो, बाबांनो.

तरी कापड म्हणजे तात्पुरती सोय. २००६-०७ साली उत्तरेकडच्या सावेलुगू गावात पाणीपुरवठा बंद पडला. लोक पुन्हा उघड्या तळ्यांकडं वळले आणि नारू उसळला. २००७ साली देशात ३ हजारांवर रुग्ण झाले. कितीतरी वर्षांची मेहनत, आणि नळ कोरडा पडला म्हणून मुलं परत लंगडू लागली! माझ्या मते दोष लोकांच्या अडाणीपणाचा नव्हता. तहानलेला माणूस दिसेल ते पाणी पिणारच.

पुन्हा गाळणी वाटली, तळ्यांवर पहारे बसले, पाण्यात किडे मारायचं औषध टाकलं. घानातला शेवटचा रुग्ण २०१० साली सापडला. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तो देश नारूमुक्त असल्याचा दाखला दिला. चाड आणि दक्षिण सुदानमध्ये मात्र २०२४ सालीही नारूचे रुग्ण निघाले. चाडमध्ये तर आता तो कुत्र्यांनाही होतो, त्यामुळे तिथं कुत्री बांधून ठेवायला सांगतात.