बदलीवर घेतलेली परीक्षा

सोलापुरातल्या गिरण्या चालू होत्या तेव्हा ‘बदली कामगार’ हा शब्द घरोघर ठाऊक होता. कायमचा माणूस आला नाही, की त्याच्या जागी मागावर उभा राहावयाचा तो बदली. संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिणारे लोकही असेच बदली ठेवतात. त्यांना ते ‘मॉक ऑब्जेक्ट’ म्हणतात. २००० साली टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी यावर निबंध लिहिला.

हे बदली कशाला लागतात? आपल्या ओळखीचेच उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन हाती आला दोन रुपयांचा धनादेश!

आता समजा, अडत्याची पट्टी संगणकावर करावयाची आहे. आज्ञावली बाजार समितीकडून भाव मागवणार, वजावट करणार आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश धाडणार. खर्च विक्रीपेक्षा जास्त झाला तर ती काय करील? हे पाहण्यासाठी भाव पडण्याची वाट का पाहावयाची? आणि चाचणीपायी खऱ्या शेतकऱ्याला खोटा संदेश गेला, तर त्या घरात काय होईल! म्हणून भाव सांगणारा एक बदली ठेवतात. विचारले की तो ‘एक रुपया’ एवढेच म्हणतो. संदेश नेणारा दुसरा बदली कोठे जातच नाही. आपल्याला कितीदा हाक आली, कोणता आकडा हाती दिला, एवढेच तो ध्यानात ठेवतो. एकाऐवजी दोनदा हाक आली, किंवा उणे रक्कम ‘जमा’ म्हणून दिली गेली, की चाचणी नापास. चूक आपल्याच हिशेबात आहे हे तिथल्या तिथे कळते; समितीचे यंत्र बंद होते की काय, ही शंका उरत नाही.

मात्र बदली आपण पढवू तेवढेच बोलतो, बरे का! आपण त्याला किलोचा भाव शिकवला आणि बाजारातून आला क्विंटलचा, तर चाचण्या साऱ्या पास, अन् पट्टी शंभरपट चुकीची. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी गमावले, ते अशाच मापांच्या घोटाळ्याने. एका बाजूची आज्ञावली पौंडाच्या हिशेबात आकडे देत होती, दुसरी ते न्यूटनचे समजत होती. तेव्हा बदलीवरच्या चाचण्या दिवसातून वीसदा घ्या; पण आज्ञावली अडत्याच्या हाती देण्यापूर्वी ती खऱ्या बाजार समितीशी एकदा जोडा, आणि हाताने केलेल्या एखाद्या जुन्या पट्टीशी आकडा ताडून पाहा.