मतदार दिल्लीत, मत गावी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गतकाळाचे गुणगान करावे अशी रीत आहे. ते काम आजचे इतर वक्ते आमच्याहून अधिक चांगले करतील. आम्ही मात्र समोरच्या रांगेत बसलेल्या खासदार-आमदारांपुढे एक गाऱ्हाणे मांडणार आहोत. सणाच्या दिवशी गाऱ्हाणे नको, असे कार्यकारिणीत काहींचे म्हणणे पडले. परंतु महाराष्ट्राचे इतके लोकप्रतिनिधी एका मांडवात एरवी आम्हांला कधी सापडणार?

गेल्या विधानसभा निवडणुकीची गोष्ट घ्या. २०२४ च्या १५ ऑक्टोबरला घोषणा झाली, मतदान २० नोव्हेंबरला ठरले. मध्ये अवघे छत्तीस दिवस. रेल्वेचे आरक्षण त्या वेळी एकशे वीस दिवस आधी उघडत असे. म्हणजे मतदानाचा दिवस कळला तेव्हा गाड्या केव्हाच भरून गेल्या होत्या. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. आमच्यातील अनेक जण दिवाळीसाठी गावी गेले, ओवाळून घेऊन परत निघाले; आणि ४ नोव्हेंबरला, अर्ज मागे घेण्याची मुदत संपून उमेदवारांची यादी निश्चित झाली, तेव्हा ते परतीच्या गाडीत होते. आणखी चार दिवस तेथे थांबून तालुक्याच्या गावी मत देऊन येण्याची सोय असती, तर त्यातील पुष्कळांनी रजा वाढवली असती. तशी सोय नव्हती. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच प्रवास करणे ज्यांना परवडले ते गेले. बाकीच्यांनी २० तारखेला भावंडांच्या शाई लावलेल्या बोटांची छायाचित्रे पाहिली.

हे बाकीचे कोण? आमच्यापैकी ज्यांचे दिल्लीत घर झाले, मुले येथे शिकली, त्यांच्याविषयी आम्ही बोलत नाही. त्यांनी येथे नाव नोंदवावे आणि येथेच मत द्यावे. १९७७ च्या मार्चमध्ये आमच्यातील काही ज्येष्ठ केवळ मतासाठी रेल्वेने गावी गेले होते, हे ते अजून अभिमानाने सांगतात. परंतु पुढे त्यांनीही आपली नावे इकडे आणली, आणि ते योग्यच झाले. एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघात असावे, हा १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचा दंडक आम्हांला मान्य आहे. नुसते गावी घर आहे म्हणून कोणी तेथला रहिवासी ठरत नाही, असेही तोच कायदा सांगतो.

प्रश्न आहे तो मधल्या माणसांचा. करोलबाग आणि चांदणी चौकाच्या गल्ल्यांत सोन्याचांदीची गलाई करणारे खानापूर-आटपाडीकडचे कारागीर पाहा. त्यांची बायकामुले पुष्कळदा गावी, शेत गावी, सोसायटीचे कर्ज गावी, देवीची जत्रा गावी. दिल्लीत फक्त भट्टी आणि माळ्यावरची वळकटी. जुन्या राजेंद्रनगरात आणि मुखर्जीनगरात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आमची मुले पाहा. गुडगाव-नोएडात वर्ष-दोन वर्षांच्या करारावर आलेले तरुण पाहा; भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलते, ओळखपत्रावरचा पत्ता मात्र गावचाच. त्यांचे हिताहित ज्या विधानसभेत ठरते, ती मुंबईत भरते. तात्पुरत्या गैरहजेरीमुळे रहिवास संपत नाही, असे कायदा म्हणतो खरा. पण तात्पुरती म्हणजे किती, हे तो सांगत नाही. नाव ठेवावे की काढावे, हे शेवटी चौकशीला आलेल्या माणसाच्या मतावर राहते. २०२५ साली बिहारमध्ये मतदारयाद्यांची विशेष फेरतपासणी झाली, तेव्हा सुमारे ६५ लाख नावे प्रारूप यादीत आली नाहीत. त्यात मृतांची व दुबार नावे होती, तशीच कायमचे स्थलांतर केले या सदराखालचीही होती. दिल्लीत त्या वेळी बिहारी शेजाऱ्यांच्या घरी जी धावपळ उडाली, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली.

याच कायद्याच्या विसाव्या कलमात एक पोटकलम आहे. संसद किंवा विधिमंडळाचा सदस्य आपल्या कामासाठी मतदारसंघाबाहेर राहिला, तरी त्या कारणाने त्याचा तेथला रहिवास संपत नाही. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत. त्यांना हे संरक्षण असावे, याबद्दल आमची तक्रार नाही. त्यांच्या बंगल्यात पोळ्या लाटणाऱ्या बाईंनाही ते थोडेसे मिळावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दूर राहून किंवा आधी मत देणे आपल्या देशाला नवे नाही. सैन्यातील जवान टपालाने मत देतो. २०१६ पासून त्याची मतपत्रिका त्याच्यापर्यंत विद्युत मार्गाने पोहोचते, ती छापून, खूण करून तो टपालाने परत पाठवतो. काश्मीर सोडावे लागलेल्या पंडितांसाठी जम्मूत, उधमपूरला आणि याच दिल्लीत विशेष मतदान केंद्रे उघडली जातात. मिझोराममधून त्रिपुरातील छावण्यांत आलेल्या ब्रू कुटुंबांनी तेथूनच मिझोरामसाठी मत दिले होते. २०१९ मध्ये नियम बदलून ऐंशीच्या वरच्या वृद्धांना आणि अपंगांना घरी मत देण्याची मुभा मिळाली; २०२० च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या निवडणुकीत ती आली. २०२४ मध्ये वयाची अट पंच्याऐंशी झाली आणि लोकसभेसाठी देशभर घरून मतदान झाले. पथक घरी येते, कामाचे चित्रण होते, मतपत्रिका पाकिटात बंद होते, आणि हे सारे मतदानाच्या दिवसाआधी उरकते. याला आगाऊ मतदान नाही तर काय म्हणावे? न्यू जर्सीतही २०२१ पासून मतदानाच्या दिवसाआधी केंद्रावर जाऊन मत देण्याची सोय झाली आहे. तेथले नागरिकत्व घेतलेले आमचे भाचेपुतणे शनिवारी बाजारहाट करता करता मत देऊन येतात. जे परदेशी राहूनही भारताचे नागरिक राहिले, त्यांना २०१० च्या दुरुस्तीने नाव नोंदवता येते. पण मत द्यायचे तर पासपोर्ट घेऊन जातीने गावच्या केंद्रावरच यावे लागते.

अंतर्गत स्थलांतरितांसाठी निवडणूक आयोगाने प्रयत्न केला नाही असे नाही. २९ डिसेंबर २०२२ ला त्याने एका केंद्रावरून बहात्तर मतदारसंघांचे मतदान घेऊ शकेल अशा यंत्राची कल्पना जाहीर केली आणि १६ जानेवारी २०२३ ला येथेच, दिल्लीत, राजकीय पक्षांपुढे ती मांडली. पक्षांना ती पटली नाही. स्थलांतरित कोणाला म्हणावे, परराज्यात आचारसंहिता कोणी राबवावी, केंद्रावर उमेदवारांचे प्रतिनिधी कोठून आणावेत, असे आक्षेप आले. ते पोकळ नव्हते. परंतु आक्षेप घेतल्यावर उत्तर शोधायचे असते. येथे विषयच मागे पडला.

आम्ही यंत्राचा आग्रह धरीत नाही. आमची योजना साध्या कागदाची आहे. जो स्वतः होऊन आपण तात्पुरते बाहेर आहोत असे लिहून देईल, त्याची ठराविक मुदतीसाठी वेगळी नोंद व्हावी. मुदत संपली की त्याने ती पुन्हा करावी. उमेदवारांची यादी निश्चित झाल्यावर आणि मतदानाच्या दिवसाआधी दिल्लीत तीन-चार दिवस विशेष केंद्र चालावे. जवानाची मतपत्रिका जशी येते, तशीच त्या त्या मतदारसंघाची मतपत्रिका केंद्रावर यावी, अधिकाऱ्यासमोर ओळख पटावी, बोटाला शाई लागावी, आणि बंद पाकीट निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जावे. एका मतदारसंघाचे दिल्लीत दोनच मतदार निघाले तर गुप्तता राहील काय? राहील, कारण ती मते इतर टपाली मतांत मिसळूनच मोजली जातील. पक्षांच्या प्रतिनिधींचे म्हणाल, तर साऱ्या मोठ्या पक्षांची कार्यालये दिल्लीतच आहेत. अपक्ष उमेदवाराची अडचण मात्र खरी आहे. तिच्यावर आमच्याजवळ पूर्ण उत्तर नाही. चित्रण आणि निरीक्षक यांनी ती कमी होईल, एवढेच आम्ही म्हणू शकतो.

दुसऱ्याच्या हाती मत सोपवण्याची पद्धत आम्हांला नको. परदेशस्थांसाठी तशा सोयीचे विधेयक ९ ऑगस्ट २०१८ ला लोकसभेने संमत केले होते. पुढे सोळाव्या लोकसभेबरोबर ते बाद झाले. त्याचे आम्हांला फारसे वाईट वाटले नाही. आपल्या घरांत सुनेचे मत सासऱ्याच्या हाती गेले, तर त्याचे काय होते हे येथे बसलेल्या भगिनींना ठाऊक आहे.

आता हे करावे कोणी? १९५१ च्या कायद्याचे साठावे कलम आयोगाला सरकारशी विचारविनिमय करून टपाली मतदारांचा नवा वर्ग ठरवू देते. वृद्धांची सोय त्याच वाटेने झाली. रहिवासाची व्याख्या स्पष्ट करणे मात्र संसदेचे काम, म्हणून खासदारांकडे आमचे पहिले मागणे. आमदार मंडळींनी यावर निःश्वास सोडू नये. विधानसभा आणि परिषद यासाठी ठराव करू शकतात. शिवाय ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या निवडणुकांविषयी कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाचाच आहे. गलाईवाल्याला विचारा, तो कोणत्या निवडणुकीसाठी भट्टी बंद करून गोवा एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसतो? सरपंच निवडायचा असतो, पाण्याची योजना कोणत्या वाडीला जाणार हे ठरायचे असते. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस, मध्ये मतदान. मतदानाच्या दिवसाची भरपगारी सुटी कायद्याने मिळते. या चार दिवसांचा पगार कोण देणार? गावचे एखादे पॅनेल त्याच्या तिकिटाचे पैसे देते, तेव्हा ते पैसे परत कशाने फेडायचे असतात, हेही आम्हांला कळते. तालुक्याच्या ठिकाणी आठवडाभर आधी मत घेण्याची सोय सुरुवातीला निवडक तालुक्यांत करून पाहण्यास काय हरकत आहे?

निवेदनाच्या दोन प्रती सभागृहाबाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. एक खासदारांना द्यायची आहे, दुसरी विधिमंडळाकडे जाईल. जेवणाआधी सही करावी, कारण नंतर सारे मेट्रो गाठण्याच्या घाईत असतात. सहीपुढे आपले नाव कोणत्या गावच्या यादीत आहे ते लिहावे. ते आहे की नाही हेच ठाऊक नसेल, तर तसे लिहावे.