पाण्याचा पहिला हक्क



पाणी आटले की दोष पावसावर टाकण्याची आपणांस सवय आहे. परंतु पाऊस निसर्गाच्या हाती असला, तरी साठलेल्या पाण्याची वाटणी माणसाच्याच हाती असते, आणि ही वाटणी कायद्याचा विषय आहे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात तेव्हाच्या औरंगाबादेतील मद्याच्या कारखान्यांना मात्र जायकवाडीचे पाणी मिळत होते. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि त्या कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश झाला.

कारखाने नकोत, असे माझे म्हणणे नाही. आपली मुलेही तेथेच पोट भरतात. प्रश्न क्रमाचा आहे. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती होती; २०११ मध्ये शेती दुसरी झाली. पिण्याच्या पाण्याचे पहिले स्थान मात्र अढळ राहिले.

पण कागदावरील हक्क आपोआप घागरीत उतरत नाही. बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले. उच्च न्यायालयाचा निकाल येण्यास १७ मार्च १९३७ उजाडले.

म्हणून वस्तीत टंचाई भासताच ग्रामसभेत उभे राहा. धरणात साठा किती आणि तो कोणास दिला जातो, हे विचारा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ही याचना नव्हे. पहिला क्रम तुमच्या घागरीचा आहे.