स्पिटफायर विमानाची कथा



विमान म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आकाशातला एक ठिपका येतो. पोरे बांधावर उभी राहून मान वर करतात, ठिपका दिसेनासा होतो आणि ज्याचे त्याचे काम पुन्हा सुरू होते. आज एका विमानाची गोष्ट जरा जवळून सांगावी असा विचार आहे. त्याचे नाव स्पिटफायर. मी इतिहास शिकवणारा माणूस, यंत्राचे ज्ञान माझ्यापाशी बेताचेच. तेव्हा मला उमगले तेवढेच सांगतो.

हे विमान ज्याने कल्पिले तो रेजिनाल्ड मिचेल हा इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यातल्या एका शिक्षकाचा मुलगा. जन्म १८९५ चा. सोळाव्या वर्षी तो रेल्वेची इंजिने बांधणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागला. दिवसा हात काळे करायचे आणि रात्रीच्या वर्गात गणित नि यंत्रशास्त्र शिकायचे, असा त्याचा क्रम. पुढे साउथॅम्प्टनच्या सुपरमरीन कंपनीत गेला आणि पंचविशीच्या सुमारासच तिथला मुख्य आराखडाकार झाला.

त्या काळी पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या श्नायडर चषकाच्या शर्यती होत. मिचेलच्या विमानांनी १९२७, १९२९ आणि १९३१ अशा तीन शर्यती मारल्या. १९३१ साली तर सरकारने पैसा द्यायला नकार दिला होता. लेडी ह्यूस्टन नावाच्या एका श्रीमंत बाईने पदरचे एक लाख पौंड दिले म्हणून विमान पाण्यावर उतरू शकले. त्याच वर्षी त्या विमानाने ताशी चारशे मैलांचा पल्ला ओलांडला. ही शर्यतीची हौस पुढे देशाच्या उपयोगी पडणार होती, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी असेल?

लढाऊ विमानाचा पहिला प्रयत्न मात्र साफ फसला. १९३४ साली उडालेले ते विमान जड होते, मंद होते. हवाई दलाने ते नाकारले. आणि याच्या थोडे आधी, १९३३ मध्ये, मिचेलला कर्करोग झाल्याचे कळले होते. मोठी शस्त्रक्रिया झाली. रोग उलटू शकतो याची त्याला कल्पना होती. दुसरा एखादा माणूस अंथरूण धरून बसला असता. हा गृहस्थ विमान चालवायला शिकला, परवाना मिळवला आणि फसलेल्या आराखड्यावर पुन्हा बसला!

नव्या विमानाचे पंख पाहण्यासारखे होते. वरून पाहिले तर लांबट अंडाकृती, आणि बाजूने पाहिले तर अगदी पातळ. पंख पातळ म्हणजे हवेचा अडथळा कमी. पण त्याच पंखात आठ मशीनगन, त्यांच्या गोळ्या आणि चाकेही मावली पाहिजेत. अंडाकृतीमुळे पंखाला मुळाशी चांगली रुंदी मिळाली आणि हे जमले. या कामी बेव्हर्ली शेन्स्टन या त्याच्या सहकाऱ्याचा मोठा वाटा होता. ५ मार्च १९३६ रोजी पहिले स्पिटफायर आकाशात गेले. लवकरच सरकारने ३१० विमाने मागवली.

मिचेल जून १९३७ मध्ये वारला. वय अवघे बेचाळीस. कारखान्यातली विमाने बाहेर पडायला १९३८ उजाडले, म्हणजे त्याने आयुष्यात एकच स्पिटफायर उडताना पाहिले. पुढचे काम जोसेफ स्मिथ या त्याच्या सहकाऱ्याने हाती घेतले.

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमाने इंग्लंडवर चालून आली. ही लढाई स्पिटफायरने जिंकली असे सर्रास म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. हरिकेन नावाचे दुसरे विमान संख्येने जास्त होते आणि शत्रूची विमानेही त्यानेच अधिक पाडली. शिवाय रडारची यंत्रणा होती, म्हणून कोठे जायचे ते वैमानिकांना आधी कळे. पण जर्मनांच्या मेसरश्मिट विमानाशी बरोबरीने झुंजायला स्पिटफायरच लागे.

आणि त्यातही एक खोड होती, बरे का! शिक्षक मित्रांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. बैलगाडी भरधाव जाताना एकदम खड्ड्यात उतरली की घागरीतले पाणी वर उसळते. तसेच, विमानाने एकदम नाक खाली घातले की कार्ब्युरेटरमधले पेट्रोल वर उसळे. नळीचे तोंड राही तळाशी! इंजिन क्षणभर उपाशी राहून अडखळे. लगेच पेट्रोलचा लोंढा आत शिरे आणि इंजिन गुदमरे. जर्मन इंजिनात पेट्रोल पिचकारीने थेट आत जात असल्यामुळे त्यांना ही अडचण नव्हती. पाठीवर स्पिटफायर लागले की मेसरश्मिटचा वैमानिक सरळ खाली सूर मारी आणि निसटे. इंग्रज वैमानिकाला आधी विमान उलथे करून मग खाली वळावे लागे. तेवढ्या दोन-तीन क्षणांत शिकार तरी जाई, नाहीतर शिकारी तरी.

यावर तोड काढली एका बाईने. बिअट्रिस शिलिंग ही फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेतली इंजिनियर. मोटारसायकलच्या शर्यतीत ताशी शंभर मैलांवर वेग गाठून सुवर्णतारा मिळवलेली बाई ही! तिने पेट्रोलच्या वाटेत भोक असलेली एक लहानशी पितळी चकती बसवली. इंजिन पूर्ण जोरात असताना जितके पेट्रोल लागते तितकेच त्या भोकातून जाई, त्यामुळे लोंढा थांबला. विमान कारखान्यात न्यायची गरज नाही. १९४१ च्या आरंभी ती स्वतः तळातळांवर फिरून चकत्या बसवून आली. रोग मुळापासून गेला तो पुढे नवे कार्ब्युरेटर आल्यावर. पण तोवर त्या चकतीने कितीतरी जीव राखले असतील.

सप्टेंबर १९४० मध्ये साउथॅम्प्टनचा कारखाना बॉम्बनी उद्ध्वस्त झाला. मग काम गावोगाव वाटून दिले. मोटार गॅरेजात पंख, धोबीखान्यात आणखी काही, असे चालले. युद्ध संपेपर्यंत उत्पादन थांबले नाही. एकूण वीस हजारांहून अधिक स्पिटफायर बांधली गेली.

आपला संबंध काय, असे कोणी विचारील. इंग्रजांच्या १५२ व्या स्क्वाड्रनचे नावच हैदराबाद होते, कारण तिच्यासाठी निजामाने पैसा दिला होता. मराठवाडा त्या वेळी त्याच संस्थानात होता, हे आपण जाणताच. १९४४ च्या उत्तरार्धात भारतीय हवाई दलाच्या ८ व्या स्क्वाड्रनला स्पिटफायर मिळाली आणि आपले वैमानिक ती घेऊन ब्रह्मदेशात लढले. स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच, १९४७ च्या शरदात, टोळीवाले श्रीनगरच्या वेशीवर आले तेव्हा आपल्या हवाई दलाची स्पिटफायर तिथे होतीच.

दिल्लीला पालम येथे हवाई दलाच्या संग्रहालयात त्यांपैकी एक जपून ठेवलेले आहे. शाळेची सहल दिल्लीला गेली तर मुलांना तिथे न्या. विमानाच्या समोर उभे राहून आधी पंखाची धार पाहा, आणि मग बाजूला येऊन त्याचा आकार.