पुण्याचें सेवासदन

दुपारची वेळ. पुरुषमंडळी कचेरीला गेलेली, मुलगे शाळेला गेलेले. शेवटची पंगत उठून खरकटें निघालें आहे, चूल सारवून झाली आहे. तिसऱ्या प्रहरच्या कामाला हात लागेपर्यंत गृहिणीला जो काय अवकाश मिळेल तेवढाच तिचा स्वतःचा. विसाव्या शतकाच्या आरंभीं पुण्याच्या पेठांतील वाड्यावाड्यांतून हा वेळ कसा जात असे, हें जुन्या माणसांकडून पुष्कळांनीं ऐकलें असेल. कोणी वाती वळीत, कोणी सोंगट्या मांडीत, कोणी शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसत, आणि कोणी घटकाभर पदर पसरून जमिनीवर आडव्या होत. ह्या दोन-तीन तासांच्या पायावर एका संस्थेनें आपली सारी इमारत उभारली. ती संस्था म्हणजे पुण्याचें सेवासदन.

सेवासदनाची कल्पना प्रथम मुंबईस निघाली. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल ह्या दोघां सद्गृहस्थांनीं १९०८ सालीं तेथें सेवासदन स्थापन केलें, आणि त्याची धुरा श्रीमती रमाबाई रानडे ह्यांनीं वाहावी असा आग्रह धरला. पुढल्याच वर्षीं, २ ऑक्टोबर १९०९ रोजीं, पुण्यांत सेवासदनाचें काम सुरू झालें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांचें राहतें घर हेंच त्याचें पहिलें स्थान, रमाबाई त्याच्या अध्यक्ष, आणि भारत-सेवक-समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्याचे अविश्रांत चिटणीस.

पुण्यांत त्यापूर्वीं मुलींच्या शाळा नव्हत्या असें नाहीं. हुजूरपागेंतील मुलींचें हायस्कूल तर १८८४ सालींच निघालें होतें. परंतु शाळा निघाली म्हणून मुलगी तेथें टिकत होती थोडीच! दहाव्या-बाराव्या वर्षीं लग्न झालें कीं पाटी माहेरच्या फडताळांत जाई आणि मुलगी सासरीं जाई. १९११ च्या खानेसुमारीप्रमाणें साऱ्या हिंदुस्थानांत शंभर स्त्रियांमागें लिहितां-वाचतां येणारी जेमतेम एक होती. उरलेल्या नव्याण्णवांपैकीं बहुतेकींचें शाळेचें वय केव्हांच उलटून गेलें होतें. त्यांचें काय करावयाचें? लहान मुलींसाठीं शाळा काढून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. सेवासदनानें नेमकी हीच वाढत्या वयाची स्त्री, मग ती सुवासिनी असो, परित्यक्ता असो कीं विधवा असो, आपली विद्यार्थिनी मानली. शाळेच्या घड्याळासाठीं तिनें आपला संसार बदलावा असा हट्ट न धरतां, तिच्या संसाराकडे पाहून शाळेचें घड्याळ लावलें. दुपारचे वर्ग निघाले ते ह्यामुळें.

ही दृष्टि पुस्तकांतून आलेली नव्हती. रमाबाईंचा जन्म १८६२ सालीं सातारा प्रांतांतील देवराष्ट्रे गांवीं झाला. अकराव्या वर्षीं लग्न होऊन त्या पुण्यास आल्या, तेव्हां त्यांना अक्षरओळख नव्हती. पतीनेंच त्यांना शिकविण्यास आरंभ केला, आणि घरांतील वडीलधाऱ्या बायकांना तें मुळींच रुचलें नाहीं. एकीकडे पतीची इच्छा आणि दुसरीकडे ज्या बायकांबरोबर दिवसाचे सारे प्रहर काढावयाचे त्यांची अवकृपा, अशा कात्रींत त्या कित्येक वर्षें होत्या. मुलींच्या हायस्कुलाच्या खटपटींत त्यांनीं भर सभेंत इंग्रजी मानपत्र वाचून दाखविलें, तेव्हां बाहेर वाहवा झाली. घरीं मात्र जें ऐकावें लागलें तें निराळेंच होतें. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ ह्या त्यांच्या पुस्तकांत ही सारी हकीकत आली आहे, आणि ती सांगतांना वडीलधाऱ्यांविषयीं कोठें विषाद नाहीं. शिकूं पाहणाऱ्या स्त्रीची खरी परीक्षा सभागृहांत होत नसून माजघरांत होते, हें त्यांना अनुभवानें कळलेलें होतें.

न्यायमूर्ति १८९३ सालीं हायकोर्टांत गेल्यावर रमाबाई मुंबईस राहूं लागल्या. तेथें हिंदु स्त्रियांसाठीं त्यांनीं एक मंडळ चालविलें. भाषा, सामान्यज्ञान, शिवण, हस्तकाम असे त्याचे वर्ग असत. १६ जानेवारी १९०१ रोजीं न्यायमूर्ति निवर्तले. त्या वेळीं रमाबाईंना एकोणचाळिसावें वर्ष चालू होतें. त्या पुण्यास परतल्या आणि वर्षभर घराबाहेर पडल्याच नाहींत. त्यानंतर जें काम हातीं घेतलें तें कोणत्याहि वर्गांत बसून करण्यासारखें नव्हतें. येरवड्याच्या तुरुंगांतील बायकांकडे त्या जाऊं लागल्या, त्यांच्याशीं बोलूं लागल्या. इस्पितळांतील रोग्यांना फळें, फुलें, पुस्तकें नेऊन देऊं लागल्या. सेवासदनाच्या नांवांत ‘सेवा’ हा शब्द आला तो असा अगोदरच आचरणांत उतरलेला होता.

शिक्षण आणि सेवा ह्या दोहोंची सांगड कां घातली, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. शिकावयास जातें म्हटल्यानें ज्या घराचें दार उघडत नसे, तेंच दार एखाद्या पुण्यकार्यास जातें म्हटल्यानें उघडे. आषाढी-कार्तिकीस आळंदीस यात्रा भरे, तेव्हां सेवासदनाच्या बायका यात्रेकरू बायकांच्या मदतीस जात. वारीला नांव ठेवणारें घर महाराष्ट्रांत विरळा. गुजराथ-काठेवाडांत दुष्काळ पडला, तेव्हां रमाबाई तिकडेहि धांवल्या. अशा कामांत वावरलेली सून परत आली म्हणजे ती पूर्वींची राहत नसे. चारचौघांत बोलणें, हिशेब ठेवणें, अनोळखी माणसाची विचारपूस करणें, हें सर्व ती नकळत शिकून येई.

परंतु सेवा हा शब्द गोड असला, तरी त्याची एक बाजू कठीण होती, आणि सेवासदनाची कसोटी तेथेंच लागली. ती बाजू म्हणजे रुग्णपरिचर्या. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबांतील विधवा डोळ्यांपुढें आणावी. केशवपन झालेलें, अंगावर तांबडें आलवण, एक वेळचें जेवण, आणि भल्या पहांटेपासून सोंवळ्यांतील स्वयंपाक. घरांतील प्रत्येक आजाऱ्याची उस्तवार तिच्याकडेच असे. दिराचा ताप, जावेचें बाळंतपण, सासऱ्याचें दुखणें, सारें तिनें काढावयाचें आणि त्याबद्दल अन्नवस्त्राचे उपकार मानावयाचे. तेंच काम तिनें रीतसर शिकून ससून इस्पितळांत करावें असें सेवासदनानें म्हटलें, तेव्हां मात्र सोंवळें आडवें आलें. कोणत्याहि जातीच्या रोग्यास शिवावयाचें, परपुरुषाच्या जखमा धुवावयाच्या, रात्रपाळी करून सकाळीं घरीं यावयाचें! ज्या घरांत तिला दोन प्रहरचा घांस मोजून मिळे, त्याच घराची अब्रू आतां तिच्यावर अवलंबून आहे, असा एकाएकीं शोध लागला.

सेवासदनानें ह्यावर वाद घालीत बसण्यापेक्षां व्यवस्था केली. परिचर्या शिकणाऱ्या स्त्रियांसाठीं वेगळें वसतिगृह काढलें, वैद्यकी शिकणाऱ्यांसाठीं दुसरें. देखरेख अशा बायकांची ठेवली कीं ज्यांच्या वागणुकीकडे कोणी बोट दाखवूं नये. मुलीस, बहिणीस किंवा सुनेस तेथें ठेवण्यांत कमीपणा नाहीं, असें हळूहळू घरोघर वाटूं लागलें. शिकून निघालेली स्त्री केवळ सेविका नव्हती. तिच्याजवळ परीक्षेचें प्रमाणपत्र होतें, आणि महिन्याच्या शेवटीं स्वतःच्या कष्टाचे रुपये तिच्या हातीं पडत. जन्मभर दुसऱ्याच्या घरीं उपकाराखालीं राहिलेल्या स्त्रीला ह्या रुपयांची किंमत काय वाटली असेल, ती आंकड्यांत सांगतां येणार नाहीं. बायकांनीं फुकट केली तर जी सेवा म्हणून गौरवावयाची, तिचेंच वेतन त्यांनीं घेतलें तर नाक मुरडावयाचें, ही समाजाची जुनी खोड आहे. सेवासदनानें त्या खोडीस वाकविलें, हा त्याचा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल.

अध्यापिका तयार करण्याचें कामहि असेंच. मुलींच्या शाळा वाढावयाच्या तर शिकविणाऱ्या स्त्रिया हव्यात, आणि त्या मिळतात कोठें? सेवासदनानें स्त्रियांसाठीं अध्यापनाचें विद्यालय काढलें, आणि कालपरवां दुपारच्या वर्गांत मुळाक्षरें गिरविणाऱ्या बायका दुसऱ्यांना शिकवूं लागल्या. १९१५ सालीं संस्था रीतसर नोंदली गेली, तेव्हां तिचीं खातीं चांगलीं वाढलेलीं होतीं.

अशा संस्थेचें फळ कधीं कधीं अनपेक्षित ठिकाणीं दिसतें. १९२० सालीं पुण्याच्या नगरपालिकेपुढें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा अपुरा आहे, तेव्हां आधीं मुलग्यांना सक्ति करावी, मुलींचें मागाहून पाहूं, असें म्हणणारे वजनदार पुढारी गांवांत होते. ‘मागाहून’ ह्या शब्दाचा अर्थ बायकांना चांगला ठाऊक होता. जन्मभर त्या मागाहूनच जेवत आल्या होत्या. त्यांनीं मिरवणूक काढली, सभांत जाऊन विचारणा केली, आणि ह्या चळवळीच्या अग्रभागीं रमाबाई होत्या. पुढल्या वर्षीं, १९२१ मध्यें, मुंबई कायदे-कौन्सिलांत स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला. त्या खटपटींतहि त्यांचा मोठा वाटा होता. बारा वर्षांपूर्वीं ज्यांना घराबाहेर पडण्यास निमित्त शोधावें लागे, त्या बायका आतां निमित्त न सांगतां रस्त्यावर आल्या होत्या.

१९२४ सालीं रमाबाई वारल्या. त्या वेळीं पुण्याच्या सेवासदनांत निरनिराळ्या खात्यांतून एक हजारावर स्त्रिया शिकत होत्या. देवधर १९३५ सालीं गेले. १९६२ हें रमाबाईंच्या जन्मशताब्दीचें वर्ष. त्या निमित्तानें सरकारनें त्यांच्या चित्राचें टपालाचें तिकीट काढलें. पुण्यांत सेवासदनाच्या शाळा आजहि चालूं आहेत. मुली आतां दुपारची वाट न पाहतां सकाळींच दप्तर घेऊन तेथें जातात, आणि त्यांना शाळेस पाठवावें कीं नाहीं असा प्रश्न त्यांच्या घरांत कोणी काढीत नाहीं.

गांवोगांवीं महिला-मंडळें पुष्कळ निघालीं आणि निघतील. हळदीकुंकू, व्याख्यान, पाककलेची चढाओढ, वार्षिक समारंभ, ह्यांनीं वर्ष भरून निघतें, आणि त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. परंतु अशा मंडळाच्या चालकांनीं वर्षाच्या शेवटीं हिशेब मांडतांना जमा-खर्चाच्या वहीखालीं आणखी दोन रकाने आंखावे. ह्या वर्षीं कोणत्या स्त्रीला स्वतःचे चार पैसे स्वतःच्या हातानें मिळवितां येऊं लागले? आणि जिला आजवर येतां येत नव्हतें अशी कोण नवी बाई, तिच्या सोयीची वेळ पाहून, आपण आंत आणली? ज्या मंडळाला हे दोन रकाने भरतां येतील, त्यानें रानड्यांच्या वाड्यांतील त्या दुपारचा वारसा चालविला असें खुशाल समजावें.